वाहन सल्ला : आर्म घेताना घाई नको

प्रश्न : आमची जुनी डोंगरी गाडी खड्ड्यातून जाताना पुढून खटखट वाजते. टायरही एका कडेला झिजतो. मेकॅनिक खालचा आर्म बदलायला सांगतात. लोकल आर्म निम्म्या किमतीत मिळतो. घ्यावा का?

उत्तर : केवळ किंमत पाहून घेऊ नका. हा आर्म चाकाला चॅसीशी धरून ठेवतो. बॉल जॉइंट निखळला, तर धावत्या गाडीचे चाक कोलमडते. आधी नीट तपासून घ्या. कित्येकदा नुसता बुश किंवा जॉइंट झिजलेला असतो.

आर्मच बदलायचा असेल, तर जुना सोबत न्या. डावा-उजवा वेगळा असतो. दोन्ही शेजारी ठेवून बुशच्या भोकापासून जॉइंटपर्यंतचे अंतर मोजा. वेल्डिंग सलग हवे, जॉइंट डुगडुगता कामा नये. बिल अवश्य घ्या.

१९९८ च्या पहिल्या टाटा सफारीसारख्या गाड्यांत आर्मवर टॉर्शन बारचा ताण असतो, म्हणून हे काम घरी करू नका. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळून फाटते. नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्या. मुलाबाळांसह घाट उतरायचा असतो, तिथे ही काटकसर नको.