वाढती मंडळी आणि एकटे पाळक

"आपली मंडळी वाढतेय" हे वाक्य हल्ली चर्चमध्ये सारखं ऐकू येतं. (ख्रिस्ती नसलेल्या वाचकमित्रांसाठी : मंडळी म्हणजे चर्चची माणसं, इमारत नव्हे. आणि पाळक म्हणजे पास्टर.) नगर, जालना, संभाजीनगरकडची कुटुंबं कामासाठी पिंपरी-चिंचवडला येतात आणि रविवारी मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसतात. आनंदाचीच गोष्ट आहे. पण वाढ म्हटलं की चर्चा सुरू होते ती हॉलची, माइकची आणि पार्किंगची. पाळकसाहेब मात्र एकच! उपदेश त्यांचा, आजाऱ्यांच्या भेटी त्यांच्या, लग्न, मर्तिक, नवराबायकोची भांडणं, सगळं त्यांच्याच डोक्यावर. मग कुणाकडे तरी जायचं राहून जातं आणि कुजबुज सुरू होते, "पाळकसाहेबांना आता आमच्यासाठी वेळ नसतो."

ही कुजबुज दोन हजार वर्षं जुनी आहे. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून बघा. यरुशलेमेतली मंडळी भराभर वाढत होती आणि तक्रार आली, की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. इब्री बोलणारे एकीकडे, ग्रीक बोलणारे दुसरीकडे. प्रेषित स्वतः वाढायला धावले नाहीत, आणि तक्रार करणाऱ्यांना गप्पही बसवलं नाही. तुमच्यातलेच सात जण निवडा, असं त्यांनी लोकांना सांगितलं.

खरी गंमत पुढे आहे. त्या सात जणांची नावं वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक! आता नुसत्या नावावरून पैज लावता येत नाही, कारण बारा प्रेषितांमध्येही अंद्रिया आणि फिलिप्प ही ग्रीक नावं आहेतच. पण सातच्या सात? शिवाय निकलाव तर जन्माने यहूदीसुद्धा नव्हता, अंत्युखियाचा होता. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच हातात अन्नाची कोठी दिली गेली. आणि ही माणसं नुसती वाढपी राहिली नाहीत. दोनच अध्याय पुढे फिलिप्प शोमरोनात सुवार्ता सांगताना दिसतो.

मला विचाराल तर वाढत्या मंडळीत पुढारीपणाची परीक्षा इथेच आहे. काम वाटून देणं सोपं आहे. खुर्च्या लावा, चहा बघा, हे आपण नव्या लोकांना लगेच सांगतो. ठरवण्याचा अधिकार आणि पैशाची पेटी मात्र जुन्या घराण्यांकडेच राहते. आमच्या घरातली मंडळी हे वाचून जरा रागावतील, कारण तीन पिढ्या आपलं कुणी ना कुणी कमिटीवर आहे. त्यांचं उत्तरही मला पाठ आहे : "त्यांना अनुभव नाही. हिशेब कळत नाही. उद्या नोकरी सुटली की गावी परत जातील."

यावर मला बिशप अझरिया आठवतात. व्ही. एस. अझरिया १९१२ साली अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांचा धर्मप्रांत दोर्नकलचा, म्हणजे आजच्या तेलंगणातला. ते स्वतः तमिळ, आणि तिथली बहुतेक माणसं तेलुगू बोलणारी, माला आणि मादिगा या दलित समाजांतली, पुष्कळशी निरक्षर. अनुभव नाही हे कारण तिथे कितीतरी वेळा देता आलं असतं! अझरियांनी उलट केलं. त्याच समाजांतली माणसं तेलुगूतून शिकवून त्यांना गावोगावचे शिक्षक आणि पाळक केलं. बाप्तिस्मा घेणारा माणूस स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून सुवार्ता सांगायची जबाबदारी आपल्या तोंडाने कबूल करायचा. म्हणजे मंडळीत पाऊल टाकलं त्याच दिवशी काम अंगावर! अनुभव नंतर आला, कामातूनच आला.

पाळकांनाही एक सांगावंसं वाटतं. सगळ्यांना आपलीच गरज लागते, यात एक गोडी असते. मोशेसुद्धा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा. तू थकशील आणि लोकही थकतील, हे त्याला सासऱ्याने, इथ्रोने सांगावं लागलं. मोशेने ऐकलं, हे त्याचं मोठेपण.

असो. येत्या वार्षिक सभेत हॉलचा नकाशा मांडला जाणार आहे. हॉल जरूर बांधा, माझीही वर्गणी आहेच. पण त्या आधी कमिटीच्या दोन जागा मागच्या बाकांवरच्यांना द्या, आणि त्यातली एक गरजूंच्या मदतनिधीची चावी सांभाळणाऱ्याची असू द्या. नवा हॉल झाला आणि ही माणसं तिथेही मागेच बसली, तर गर्दी वाढली म्हणू या. मंडळी वाढली असं मी तरी म्हणणार नाही.