भीतीचा जमाखर्च

ग्रंथालयातील इंग्रजीच्या कपाटासमोर पहिली दोन वर्षे मी नुसताच उभा राहत असे. घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजीशी संबंध परीक्षेपुरता. बी.कॉम.ला आल्यावर कॉस्टिंगचे पुस्तक उघडले की एका परिच्छेदाला तीनदा शब्दकोश! अशा माझ्याकडून पहिले इंग्रजी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून घेतले ते आर. एल. स्टाइन या गृहस्थांनी. रद्दीच्या दुकानात वीस रुपयांना मिळालेले ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डमी’. कचऱ्यात सापडलेला लाकडी बाहुला दोन जुळ्या बहिणींच्या घरात येतो, एवढीच गोष्ट. अर्धवटरावाला पाहून हसत वाढलेला मी त्या रात्री दिवा न मालवताच झोपलो. न कळलेले शब्द शंभर तरी असतील. पण पुढे काय झाले ते कळल्याशिवाय राहवेना.

ते पुस्तक हातात पाहून एक सर म्हणाले, “अरे, भुताखेतांचं पोरकट काय वाचतोस? काही चांगलं वाच.” सरांविषयी आदर आहेच, पण या वाक्याशी माझे भांडण आहे.

स्टाइन यांचा जन्म १९४३ चा, अमेरिकेतील ओहायो राज्यातला. नवव्या वर्षी माळ्यावर टंकलेखनयंत्र सापडले आणि लेखन सुरू झाले. पण लिहीत काय? विनोद! ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी ‘सनडायल’ हे विनोदी नियतकालिक संपादिले (आमच्या संपादक मंडळाने नोंद घ्यावी), पुढे न्यूयॉर्कला ‘बनानाज’ हे मुलांचे विनोदी मासिक चालविले. ते बंद पडले, नोकरी गेली. मग एका संपादिकेने कुमारांसाठी भयकादंबरी मागितली. नावसुद्धा तिनेच दिले. ‘ब्लाइंड डेट’ १९८६ मध्ये आली तेव्हा लेखकाने चाळिशी ओलांडली होती. १९८९ मध्ये ‘फिअर स्ट्रीट’, १९९२ मध्ये ‘गूजबम्प्स’. या दुसऱ्या मालिकेची पाच वर्षांत ६२ पुस्तके!

आधी नाव, मग प्रकरणवार आराखडा, शेवट ठरल्यावरच लेखन, अशी त्यांची रीत. अंदाजपत्रकाशिवाय खर्च नाही. आम्हा वाणिज्यवाल्यांना हे पटते. ग्राहकही त्यांनी ओळखला होता: ‘फिअर स्ट्रीट’मध्ये खून पडतात, लहानांच्या ‘गूजबम्प्स’मध्ये भीतीला लागून हसू येते.

खर्चाची बाजूही लिहितो. पात्रे एकसारखी. प्रकरणाच्या शेवटी खांद्यावर थंड हात पडतो आणि पुढच्या पानावर तो धाकट्या भावाचा निघतो. चौथ्या वेळी राग येतो. तिकडेही पालकांनी ही पुस्तके शाळांतून काढा म्हणून तक्रारी केल्या होत्या. आपल्याकडे नारायण धारपांचे (१९२५–२००८) तरी काय झाले? आमच्या आजोबांच्या ट्रंकेत धारप आहेत, पुढच्या खोलीतल्या कपाटात मात्र नाहीत. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ चित्रपट आला, त्यामागे धारपांचीही एक कथा आहे असे कळले, तेव्हा ट्रंक उघडली!

सर ज्याला ‘चांगलं’ म्हणतात तेही मी वाचीन, वाचायचेच आहे. पण तिथवर जाणाऱ्या जिन्याची पहिलीच पायरी काढून घेतली, तर मराठी किंवा कन्नड शाळेतून आलेल्या मुलाने उडी मारायची का?

ग्रंथालयाच्या खरेदीसाठी मी तीन नावे लिहून दिली आहेत. कागद अजून टेबलावरच आहे. तोवर माझी प्रत फिरते आहे. सध्या कन्नड विभागातल्या एका मित्राकडे आहे, आणि त्याच्यानंतर चौघांचे नंबर लागले आहेत.