मिठामिरचीचा हिशेब आणि कापसाचा चुकारा

जळगाव जामोद तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांसाठी घरखर्चाच्या नियोजनाचा वर्ग होता. शिकवायला शहरातून आलेल्या ताईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, एक गरजेचा आणि एक हौसेचा. मग प्रत्येकीला एकेक वही दिली. रोजचा खर्च रोज लिहा, नको त्या खर्चावर काट मारा, महिनाअखेर किती वाचले ते पाहा, असं सांगितलं. बायका वह्या मांडीवर घेऊन निमूट बसल्या होत्या. शेवटी मागच्या रांगेतली एक मावशी म्हणाली, "ताई, मिठामिरचीचं मी लिवीन. पन कापसाचे किती आले, हे मले कोन सांगते?"

ताईंकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे आपल्यापैकी कुणाकडेच ते तयार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बायकांना घरखर्च शिकवण्याची सध्या लाट आली आहे. बँका शिकवतात, संस्था शिकवतात, शहरांत तर फी घेऊन एकेकीला सल्ला देणारेही आहेत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मधला आर्थिक साक्षरता सप्ताह महिलांच्या समृद्धीच्या विषयाला वाहिला होता. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यामागच्या गृहीतकाबद्दल: बाईला पैसा सांभाळता येत नाही, तो तिला शिकवावा लागतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या तालुक्यात मजुरी करणाऱ्या बाईचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात निंदणाचे दिवस, दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचणी, मग तूर, हरभरा, आणि उन्हाळ्यात हात रिकामे. चार-सहा महिन्यांच्या मजुरीवर ती बारा महिने चूल पेटती ठेवते. किराण्याची उधारी किती ताणायची, तेल किलोने घ्यायचं की पावशेराने, कुणाची हातउसनवारी आधी फेडायची, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. डाळीच्या डब्यात तळाशी दोन नोटा असतात, त्या लेकराच्या तापासाठी. आणि काही कमी पडलं तर पहिली काट बसते ती तिच्या स्वतःच्या ताटावर. अशा बाईला आपण काटकसर शिकवायला जातो! २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीप्रमाणे बिनमोल घरकामात गुंतलेली बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, पुरुष ८८ मिनिटं. त्या २८९ मिनिटांत रोज हिशेब लिहिण्याची आणखी दहा मिनिटं आपण घालतो आणि त्याला सक्षमीकरण म्हणतो.

घरातला पैसा मीठमिरचीत बुडत नाही. तो मोठ्या निर्णयांत बुडतो. बियाणं-खत कुणाकडून उधार आणायचं, लग्नात किती खर्चायचं, मोटरसायकलचा हप्ता घ्यायचा का, दवाखाना सरकारी की खाजगी. तालुक्याचा पूर्णेकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. या पट्ट्यातल्या गावांतून मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. असं एक दुखणं घरात शिरलं की दहा वर्षं वहीत मारलेल्या काटा एका महिन्यात धुऊन जातात. आणि दारूचा रकाना तर कोणत्याच वहीत नसतो. तो भरायचा कुणी?

मग कापूस. पेरणीपासून वेचणीपर्यंत बाईचा हात. विक्रीच्या दिवशी मात्र गाडीबरोबर पुरुष जातो. सरकारी खरेदीला कापूस घालायचा तर सातबारा ज्याच्या नावे, पैसा त्याच्या खात्यात. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली तेव्हाही चुकारा सातबाऱ्यावरच्या नावानेच निघायचा. योजना गेली, सातबाऱ्यावरचं नाव बदललं नाही. शेतकरी संघटनेच्या बायकांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला हाच प्रश्न मांडला होता. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक निघाली आणि कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावे केला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, देशाने २००५ साली. तरी भावाला 'हक्कसोड' करून देणाऱ्या बहिणी आपल्याच गटांत बसलेल्या आहेत. घरखर्चाच्या वर्गात सातबारा कुणी उघडत नाही, कारण तो उघडला की वर्ग 'वादाचा' होतो.

खात्याचंही असंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ७८.६ टक्के बायकांनी स्वतः वापरतो असं बँकखातं असल्याचं सांगितलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ५३ होता. वाढ मोठी आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये आले, तेव्हा अनेकींच्या नावाने पहिल्यांदाच दरमहा पैसा येऊ लागला. पण एटीएमचं कार्ड कुणाच्या खिशात, बँकेचा निरोप कुणाच्या मोबाईलवर? "घरच्यायले ठाऊक," असं उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता तो प्रश्न चारचौघींत विचारतच नाही.

कर्जाच्या बाबतीत मात्र बाईचं नाव चटकन पुढे येतं. छोट्या कर्जाच्या कंपन्या गटात बायकांना बसवून पैसे देतात. पैसा घरात जातो, हप्ता तिच्या मानेवर राहतो. इथे खरी हिशेबाची शिकवण हवी. 'फक्त १२ टक्के' म्हणून ३०,००० रुपये दिले, बारा महिने २,८०० चा हप्ता लावला, तर व्याज वरवर ३,६०० दिसतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं आणि व्याज पूर्ण ३०,००० वर लागतं. म्हणजे खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के. रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. कर्जाचं कार्ड बाईला समजेल अशा भाषेत द्यायला हवं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर यायचं नाही, शिवीगाळ करायची नाही. 'एकीने थकवलं तर सगळ्या इथेच बसा' असं रात्री आठ वाजता दरडावणाऱ्या माणसासमोर हे नियम म्हणून दाखवण्याची तालीम किती वर्गांत होते?

मग हिशेब शिकवणं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. उलट आपण चळवळीतल्या बायकांनी हे काम फार काळ क्षुल्लक मानलं, म्हणून ते विमा विकणाऱ्यांच्या आणि कर्ज वाटणाऱ्यांच्या हाती गेलं. माझं म्हणणं इतकंच, की ते आपण करावं आणि एकेकीशी बसून करावं. गटात कुणी सांगत नाही की नवऱ्याने मंगळसूत्र गहाण टाकलं आहे, सासऱ्याने अंगठा घेतला आहे, की आपण भावाकडे गुपचूप पाच हजार ठेवले आहेत. दोघीच बसलो, चहा झाला, की अर्ध्या तासाने खरी वही उघडते. ती कागदाची नसते.

साताऱ्यातल्या म्हसवडचं उदाहरण पाहा. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पालावर घालायला प्लास्टिकच्या कागदासाठी पैसे साठवायचे होते. बँका तिचं खातं उघडीनात. त्यातून चेतना गाला सिन्हा आणि गावच्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं. अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहायवाचायला शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी घाला, तुमच्या साहेबांनाही घाला. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. त्या बायकांना हिशेब येत होताच. तो मान्य करणारी जागा त्यांनी मिळवली.

आपल्या हिशेबाच्या बैठकीत म्हणून आधी हे प्रश्न यावेत: घरात वर्षाला एकूण किती येतं, हे तुला माहीत आहे का? जमीन, घर, सोनं कुणाच्या नावे? तुझ्या नावावर कर्ज किती, ते कुठे खर्च झालं? तुझं पासबुक आणि कार्ड कुठे आहे? उद्या घराबाहेर पडावं लागलं तर तुझ्या हाती काय राहील? मीठमिरची त्यानंतर.

शेवटच्या प्रश्नाला कायदा जोडलेला आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात घरखर्चाला पैसे न देणं, स्त्रीधन अडकवणं हाही छळच मानला आहे. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिलं. टाकलेल्या बाईला वकील विचारतो, महिन्याला खर्च किती? ती गप्प राहते, कारण कुणी तिला तिचा खर्च मोजू दिलेला नसतो. त्या दिवशी वही कामाची. दूध, शाळा, औषध, भाडं असं तारखेवार लिहिलेलं असलं तर तिचं म्हणणं उभं राहतं. काटकसरीसाठी नव्हे, हक्कासाठी वही लिहायची.

आणि एक वर्ग पुरुषांचाही हवा. त्यांनीही फळ्यावर गरज आणि हौस असे दोन रकाने आखावेत, आणि कापसाच्या चुकाऱ्याची पावती घरात भिंतीला लावावी. हे म्हटलं की सभेत हशा पिकतो. पिकू द्या.

त्या मावशीने वही घरी नेली. पहिल्या पानावर नातवाच्या हाताने तिने एकच ओळ लिहवून घेतली आहे: कापूस किती क्विंटल, भाव काय, पैसे किती. पुढची जागा कोरी आहे. आपल्या गटांनी यंदाच्या हंगामात गावागावात ती जागा भरून घ्यावी. मिठामिरचीचं ती पाहून घेईल.