शाळा बंद असताना

मुलांनो, शाळेला अवचित सुटी मिळाली म्हणजे वर्गात केवढा कल्लोळ होतो, हे ज्याचे सारे आयुष्य शिक्षकाच्या पेशात गेले त्याला सांगावयास नको. पावसाची झड लागते, वैनगंगेचे पाणी चढू लागते, जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम येतो, आणि गुरुजींनी फळ्यावरचे वाक्य पुरे करण्यापूर्वीच निम्मी दप्तरे भरून तयार असतात. हा आनंद पहिला दिवसभर टिकतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही बहुधा टिकतो. तिसऱ्या दिवशी मात्र घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : “आई, मी आता काय करू?”

हा प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो २०२० साली. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षीच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. तेव्हा तुम्ही फार लहान होता. तुमच्यापैकी काही जण तर शाळेत यावयाचेच होते. जगातील १९० हून अधिक देशांत मिळून सुमारे दीडशे कोटी विद्यार्थी त्या काळात घरी बसले. आपल्या राज्यात मध्यंतरी काही वर्ग उघडले आणि पुन्हा बंद झाले. खेड्यांतील पाचवी ते बारावीचे वर्ग सर्वत्र उघडावयास ४ ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्याहून लहान मुलांना आणखी वाट पाहावी लागली. त्यातच ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा जिल्ह्यातील कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या. दाराबाहेर साथ आणि दाराच्या आत पुराचे पाणी, अशी अनेकांची अवस्था झाली.

शिक्षण अगदीच थांबू नये म्हणून पुष्कळ प्रयत्न झाले, हे येथे सांगितले पाहिजे. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम ऐकविला जाई. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यात आली. सोलापुरातील नीलमनगरात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगविले. परंतु धडा तासाभरात संपतो आणि दिवस संपत नाही. उरलेल्या वेळात मुलांना रमवावयाचे कसे, ही चिंता आईबापांना लागली. ज्यांच्या घरी मोबाइल होता त्यांनी तो मुलांच्या हाती दिला, आणि घर काही काळ शांत झाले.

आता मोबाइलला दोष देऊन मोकळे व्हावे, अशी आम्हा वडीलधाऱ्यांची एक रीत आहे. मला ती पटत नाही. त्याच यंत्रातून गुरुजींचा आवाज येत होता, आणि दूरगावी अडकलेल्या वडिलांचा चेहराही दिसत होता. माझी तक्रार निराळी आहे. मुलांना कोणीतरी रमविले पाहिजे, ही जी समजूत आपण करून घेतली आहे ती मला चुकीची वाटते. दुसऱ्याने आयती दिलेली करमणूक आपण बसून पाहतो; ती संपली की पुन्हा आपण जागच्या जागी आणि तोंडी तोच प्रश्न. शिवाय शहापुरासारख्या गावात घरात मोबाइल असतो एक आणि तोही वडिलांसोबत सकाळीच कामावर निघून जातो. मग त्या घरातील मुलांनी संध्याकाळपर्यंत काय करावे?

त्यांनी अष्टाचंग खेळावा, असे मी सुचवीन. तुम्ही हसाल, पण जरा ऐका. खडूने किंवा कोळशाने अंगणात पाच उभी आणि पाच आडवी अशी पंचवीस घरे आखावयाची. मधल्या घरात आणि चारही बाजूंच्या मधल्या घरांत फुली काढावयाची. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार फासे तयार होतात. त्यांची आतली बाजू पांढरी आणि बाहेरची काळी. ते हातात घोळवून टाकावयाचे. जितके पांढरे तितके दान. चारही पांढरे पडले तर चार, आणि चारही काळे पडले तर एकदम आठ! या खेळाला तुमच्या घरी दुसरे नाव असेल, नियमही थोडे निराळे असतील. ते घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्या. खर्च म्हणाल तर काही नाही.

या खेळात नुसता वेळ जातो असे मात्र समजू नका. चार चिंचोके, आणि प्रत्येकाला दोन बाजू. तेव्हा ते एकूण सोळा प्रकारांनी पडू शकतात. कागदावर मांडून पाहा. त्या सोळांपैकी सहा प्रकारांत दोनाचे दान पडते, चार प्रकारांत एकाचे, चार प्रकारांत तिनाचे. चार पडण्याचा प्रकार एकच आणि आठ पडण्याचाही एकच. म्हणूनच आठ पडले की खेळणारा उडी मारतो! परंतु येथे एक मौज आहे. चिंचोक्याची पांढरी बाजू सपाट असते आणि काळी फुगीर. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच वेळा वर येतील, असे कोणी सांगावे? शंभर वेळा दान टाका आणि वहीत रेघा ओढून ठेवा. उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही. ते तुमच्या चिंचोक्यांचे उत्तर असेल, शेजारच्या घरातील चिंचोक्यांचे कदाचित निराळे असेल. एका पावसाळी दुपारी दोघा भावंडांना एवढे काम पुरावयास हरकत नाही.

घरात आजी-आजोबा असतील तर दुसराही एक खजिना तुमच्या हाताशी आहे. आपण पुस्तकात जी मराठी वाचतो तीहून निराळी झाडीबोली आपल्या भागातील जुनी माणसे बोलतात. भाताला ते धान म्हणतात. धानाच्या शेताचा बांधांनी वेढलेला तुकडा म्हणजे बांधी, बांध म्हणजे धुरा, रोप म्हणजे पऱ्हे, आणि लावणी म्हणजे रोवणी. शेतातले लहानसे तळे म्हणजे बोडी. शहरातील मुलाला यांतला एकही शब्द कळावयाचा नाही, आणि आणखी वीस-पंचवीस वर्षांनी कदाचित तुमच्या मुलांनाही कळणार नाही. एक वही करावी, डाव्या बाजूस शब्द लिहावा, उजव्या बाजूस आजी सांगेल तो अर्थ तिच्याच शब्दांत लिहावा. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधच्या परिसरात राहिले. पक्ष्यांची आणि झाडांची जी नावे स्थानिक लोकांच्या तोंडी होती, ती ते त्यांना विचारून वहीत उतरवून ठेवीत. पुढे त्यांनी मराठीत पक्षिकोश सिद्ध केला. कोशाचे काम असे एकेका शब्दाने, कोणाला तरी विचारूनच सुरू होत असते.

दिवे गेले की गोष्टी सांगाव्यात, हे तर तुम्हांस ठाऊकच आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. कारण श्याम रोज रात्री आपल्या सोबत्यांना एकेक गोष्ट सांगतो. बाहेर जाण्याची वाट बंद असतानाही घरात काय करता येते, याचे हे एक उदाहरण.

आपल्या सणांतही अशी कितीतरी करमणूक भरलेली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मुले घरोघर जातात आणि बोजारा मिळवितात. साथीच्या वर्षी गर्दी करण्यास मनाई होती. तरी घरातल्या घरात लाकडी बैलाला रंग देण्यास, त्याच्यासाठी झूल शिवण्यास कोणाची मनाई नव्हती. भुलाबाईच्या दिवसांत गाणी म्हणून झाल्यावर झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखावयाचा असतो. डब्याच्या आवाजावरून शेंगदाणे आहेत की फुटाणे हे ओळखणे वाटते तितके सोपे नाही.

येथपर्यंत सारे गोड झाले. परंतु आता मला एक कडू गोष्ट बोलावयाची आहे, आणि खरे पाहता तिच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

साथीच्या काळात वडीलधारी माणसे मुलांना न्यूटनची गोष्ट मोठ्या हौसेने सांगत. १६६५ साली इंग्लंडमध्ये प्लेगची साथ आली, केंब्रिजचे विद्यापीठ बंद पडले आणि बावीस वर्षांचा न्यूटन वूल्सथॉर्प या आपल्या गावी परतला. तेथील निवांतपणात त्याने प्रकाशाचा, गतीचा आणि एका नव्या गणिताचा विचार केला. गोष्ट खरी आहे. परंतु ती सांगताना एक तपशील आपण सोडून देतो. त्या दिवसांत न्यूटनला नळावर पाण्यासाठी रांग लावावी लागली, किंवा तो धाकट्या भावाला कडेवर घेऊन भाकरी थापीत होता, असे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याला वेळ होता. विचार करावयास, खेळावयास, चिंचोके टाकावयास आधी वेळ लागतो, आणि तो प्रत्येक घरात प्रत्येकाला सारखा मिळत नाही.

माझ्या पाहण्यात एक घर होते. भाऊ सातवीत, बहीण सहावीत. शाळा बंद झाल्यावर मुलाने मोठ्या सुबक अक्षरांत दिवसाचे वेळापत्रक लिहून भिंतीवर चिकटविले होते : अभ्यास, खेळ, जेवण, विश्रांती, पुन्हा खेळ. मी कौतुक केले आणि मुलीला विचारले, “बाळ, तुझे वेळापत्रक कोठे आहे?” ती म्हणाली, “माझे लिहायला नाही लागत, काका. मला पाठ आहे.” तिने ते म्हणूनही दाखविले. पाणी, झाडलोट, भांडी, धाकट्याला आंघोळ, आई रोवणीला गेली की स्वयंपाक, पुन्हा भांडी. “आणि खेळ?” असे मी विचारले. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “भाऊ अभ्यासाला बसला की.” म्हणजे भाऊ अभ्यासाला बसे तेव्हा भोवरा मोकळा होई, आणि नेमकी तीच वेळ तिचीही अभ्यासाची होती!

काही लोक म्हणतील, घरकामाने मुलींना वळण लागते. त्यात वाईट काय? घरकामात वाईट काहीच नाही. मी तर म्हणतो ते अत्यंत चांगले आहे, आणि इतकी चांगली गोष्ट मुलांना मिळू नये हाच अन्याय आहे. भात शिजवता येणे, केर काढता येणे, लहान भावंडाला रडू न देता अर्धा तास सांभाळता येणे, या विद्या आहेत आणि त्या बाराव्या वर्षी उत्तम येतात. दुसरे काही म्हणतील, मुलगा शेतावर राबतो, मग घरात त्याने काय म्हणून काम करावे? जो खरोखर राबतो त्याच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. त्यालाही खेळावयास वेळ मिळाला पाहिजे. परंतु जो “कंटाळा आला, कंटाळा आला” म्हणत ओसरीवर लोळतो, आणि ज्याच्या डोळ्यांसमोर त्याची बहीण दुसऱ्यांदा पाणी भरावयास निघते, त्याच्या कंटाळ्याची मला दया येत नाही. त्याच्या करमणुकीचा उपाय त्या रिकाम्या घागरीत आहे.

हा नुसता खेळाचा प्रश्न नाही. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ठिकठिकाणी काही बाके रिकामी राहिली. दीड वर्ष ज्यांच्या हाती फक्त काम आले, पुस्तक किंवा खेळ आला नाही, त्यांना शाळा आपली वाटेनाशी झाली, आणि घरालाही त्यांच्या हातांची सवय होऊन गेली. कोणी मजुरीला लागले, कोणी घरकामातच अडकली. ज्या घरात मुलीला रोज तासभर तरी स्वतःचा वेळ मिळत होता, तेथे तिचे वहीशी असलेले नाते अगदी तुटले नाही.

म्हणून घरातील मोठ्या माणसांना माझे सांगणे आहे की, शाळा बंद झाली तर मुलांना काय आणून द्यावे याची फार चिंता करू नका. आधी घरातील कामे सर्वांत वाटून द्या आणि मग मुलांना मोकळे सोडा. खेळ ती स्वतः शोधून काढतील. तुम्हां मुलांना हे मोठ्यांनी सांगेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. दोन भावंडे आपसांत ठरवू शकतात. घड्याळातला एक तास बहिणीचा. त्या तासात तिला कोणी हाक मारावयाची नाही, आणि धाकटा रडला तर भावाने उठावयाचे. त्या तासात तिने खेळावे, वाचावे, की नुसते दारात बसून पाऊस पाहावा, हे तिचे तिने ठरवावे.

पुढचा पावसाळा येईलच, आणि झड लागली की एखाद-दोन दिवस शाळाही बंद राहील. चिंचा निघतात तेव्हाच चार-सहा चांगले चिंचोके निवडून, फोडून, उन्हात वाळवून एखाद्या डबीत भरून ठेवावे. पावसाळ्यात ओल्या हवेने ते नीट फुटत नाहीत आणि एकाचे दोन सारखे भाग मिळत नाहीत. अंगणात पाणी साचले तर पट ओसरीवर मांडावा. आणि पहिले दान कोणी टाकावे यावरून भांडण होऊ नये म्हणून ते आधीच ठरवून टाकावे : पहिले दान ताईचे.