बायो की मॅथ्स? एवढी घाई कशाला?



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा, 'बायो घ्यायचं की मॅथ्स?' खरं तर ही वाटणी आपण चौथी-पाचवीपासूनच करू लागतो. 'गणित कच्चं आहे, पण पाठांतर छान, याला बायोच द्या,' असं पालकसभेत सर्रास ऐकू येतं. माझ्या मते यात मुलांचं नुकसान आहे. कसं ते सांगते.

पॉल वाइस हे व्हिएन्नात आधी यंत्र-अभियांत्रिकी शिकले, मग जीवशास्त्राकडे वळले. १९३१ मध्ये फेलोशिप घेऊन ते अमेरिकेत येल विद्यापीठात रॉस हॅरिसन यांच्याकडे गेले. हॅरिसन यांनी त्याआधी कोळ्याच्या जाळ्यावर पेशी वाढवून पाहिल्या होत्या. पेशी धाग्याधाग्यानेच सरकत होत्या! वाइस यांनी गोठलेल्या रक्तद्रवाला ताण दिला. आतले तंतू एका दिशेला आले आणि मज्जातंतूही त्याच दिशेने वाढले. प्रश्न जीवशास्त्राचा, पण विचार इंजिनिअरचा.

१९९७ मध्ये हार्वर्डचे रसायनतज्ज्ञ जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि पेशीतज्ज्ञ डोनाल्ड इंगबर यांच्या गटांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आपण वर्गात भेंडीचे ठसे काढतो ना? तसेच त्यांनी सिलिकॉन रबराच्या शिक्क्याने पेशींना चिकटायला सूक्ष्म ठिपके छापले. लहान ठिपक्यावर आक्रसलेल्या पेशी मेल्या, मोठ्या ठिपक्यावर पसरलेल्या पेशी जगल्या. पोषण दोन्हीकडे सारखंच होतं.

२००७ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी प्लास्टिकवर १२० नॅनोमीटर रुंदीचे खड्डे पाडले. काटेकोर रांगांपेक्षा किंचित विस्कटलेल्या रांगांवर मूळपेशींनी हाडाचं द्रव्य जास्त तयार केलं, तेही हाड घडवणारं रसायन न घालता.

आता सांगा, हा विषय 'बायो'चा की 'मॅथ्स'चा? रांगा आखायला भूमिती, शिक्क्याला रसायनशास्त्र, ताणाला भौतिकशास्त्र. एकही विषय काढून टाकला तर प्रयोगच उभा राहत नाही.

कोणी म्हणेल, अकरावीत गट तर निवडावाच लागतो. पण दोन्ही विषय ठेवायची सोय तिथेही आहे. आणि सगळ्यांनाच ते झेपणार नाही, हे मान्य. पण दहा वर्षांच्या मुलाला 'तुला गणित जमणार नाही' असं सांगून ती वाट आपण आधीच का बंद करायची?

म्हणून एक सुचवते. पेशीची आकृती काढून घेतो तेव्हा सोबत एक गणितही द्या: २० मायक्रोमीटर रुंदीच्या किती पेशी एका मिलिमीटरमध्ये ओळीने बसतील? उत्तर ५०. पट्टीवरच्या त्या एवढ्याशा जागेकडे मुलं कशी बघतात, ते नक्की पाहा.