शेम आणि लाज

गेल्या उन्हाळ्यांत पिंपळगाव रेणुकाई येथील मिरचीच्या बाजारांत आम्हीं एक लहानसा प्रसंग पाहिला. पोत्यांच्या आडोशाला दोन वर्षांचें एक पोर उघडेंच खेळत होतें. शाळेंत जाणाऱ्या तीनचार मुलांची नजर त्याच्यावर गेली मात्र, आणि 'शेम शेम' असा गजर सुरू झाला. पोर प्रथम हसलें. मग सर्वजण आपल्याकडेच बोट दाखवीत आहेत हें पाहून त्यानें आईच्या पदरांत तोंड लपविलें व तें रडूं लागलें.

मुलांना हा शब्द कोणीं शिकविला? घरोघरीं वडील माणसेंच तो कौतुकानें शिकवितात. हीच आरोळी विधिमंडळांतही उठते. ती इंग्लंडच्या पार्लमेंटांतील जुनी रीत. एकीकडे नागडें मूल, दुसरीकडे मंत्री. शब्दाचें काम मात्र एकच, तो दुसऱ्यावर फेंकावयाचा.

शब्द परका म्हणून आमची तक्रार नाहीं. शरम आणि अब्रू हे शब्दही फारसींतूनच आले, आणि अब्रू म्हणजे मुळांत तोंडावरचें पाणी. ते आपल्या घरांत मुरले. दोष इंग्रजीचा म्हणावा, तर तेंही खरें नव्हे. जुन्या इंग्रजींत 'शेमफास्ट' असा शब्द होता. येथें फास्ट म्हणजे वेगवान नव्हे, घट्ट. लाजेनें जो मर्यादेंत घट्ट राहिला तो शेमफास्ट, म्हणजे विनयी. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, ह्याच शब्दापासून झालेलें नाम आहे. परंतु 'फास्ट'चा तो अर्थ लोकांना कळेनासा झाला, आणि मागाहूनच्या आवृत्त्यांत त्याच्या जागीं 'फेस' येऊन बसला. आंतलें बंधन गेलें, तोंडावरची लाली तेवढी उरली. आमच्या मुलांपर्यंत तर तीही पोंचली नाहीं. पोंचली ती आरोळी.

मराठींत लाज ही आपली आपल्याला वाटावयाची असते. दुसऱ्याची लाज राखावयाची असते. 'लाज राख' असें आपण देवाला म्हणतों, आणि अवेळीं पाहुणे आले म्हणजे साखरेची वाटी घेऊन शेजारणीलाही म्हणतों. भीड त्याहून निराळी. ती फार झाली कीं माणसाचें नुकसान करते, म्हणूनच तिला भिकेची बहीण म्हटलें आहे. आपली भाषा सर्वस्वीं सोज्ज्वळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. 'लाज नाहीं वाटत?' हें कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? (आमच्या लहानपणीं तर तें रोजचेंच होतें.) तरी तो प्रश्न आहे; त्याला उत्तर देण्यास जागा राहते. 'शेम शेम'ला उत्तर काय द्यावयाचें?

वर्गांत वाचतांना कोणी अडखळलें तरी हाच गजर होतो. अशा एका प्रसंगानंतर वर्ष संपेपर्यंत उभी राहून एक ओळही न वाचलेली मुलगी आम्हांस ठाऊक आहे. तिला वाचतां येत नव्हतें असें नाहीं. घरीं ती धाकट्या भावाला धडे वाचून दाखवीत असे. पालकांनीं हा शब्द मुलांच्या तोंडीं घालूं नये, आणि वर्गांत तो निघाला तर शिक्षकांनीं हंसण्यावारी नेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

त्या दिवशीं बाजारांत एका म्हाताऱ्या हमालानें खांद्यावरचा पंचा काढून त्या पोराच्या कमरेला गुंडाळला. मुलांना तो कांहीं बोलला नाहीं. तीं आपोआप गप्प झालीं, आणि हमाल पुन्हा पोतें उचलण्यास वांकला.