सातबाऱ्यावर तिचेही नाव हवे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरली जाते आणि नेमक्या याच दिवसांत अमळनेर तालुक्यातल्या विहिरी तळ गाठतात. टँकर आला की हंडे घेऊन धावतात त्या बायका. तो कधी यावा, कुठे उभा राहावा, नवी बोअर कोणाच्या बांधावर घ्यावी, उरलेले पाणी कपाशीला द्यावे की गुरांसाठी राखावे, हे मात्र पुरुष ठरवतात.

खान्देशाला पाणीवाटपाची जुनी शिस्त आहे. पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे सामाईक सिंचनाच्या शेतगटांत, पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पिकाची राखण करी, कोणत्या फडात काय पेरायचे हे शेतकरी मिळून ठरवीत. एवढ्या शहाण्या व्यवस्थेतही बाईच्या वाट्याला निंदणी-खुरपणीच आली. नव्या कायद्यानेही तिला फारसे पुढे नेले नाही. 2005 च्या सिंचन कायद्याने पाणीवापर संस्थेचे सभासदत्व जमीनधारकाला दिले. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून पाण्यावर मत नाही. त्याच 2005 मध्ये वारसा कायदा बदलून लेकीला वडिलोपार्जित जमिनीत समान वाटा मिळाला, पण हक्कसोडपत्राची पळवाट हाताशी होतीच. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, सासरी जमीन नवऱ्याची. दोन्हीकडे ती रिकाम्या हाताची. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत खऱ्या, पण अनेक ठिकाणी बैठकीला नवरा जातो आणि रजिस्टर सहीसाठी घरी येते.

हे बदलता येते. पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा माणशी ठरवला, भूमिहीनांनाही दिला. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी आपणहून बायकांच्या नावे जमिनी केल्या आणि 1992 च्या शासन परिपत्रकाने पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली.

अमळनेर तालुक्यातले पाडळसरे धरण दोन दशकांहून अधिक काळ रखडले आहे. त्याचे पाणी शिवारात येईल तेव्हा संस्था कोणाच्या नावांनी उभ्या राहणार, हे आत्ताच ठरायला हवे. लाभक्षेत्रातल्या प्रत्येक गावात तलाठ्यांनी सहधारक नोंदीची शिबिरे घ्यावीत, ग्रामसभेआधीची महिला सभा खरोखर भरवावी आणि पाणीवाटपाचा ठराव आधी तिथे मांडावा. आमदारांनी ही मागणी जलसंपदा खात्याकडे लेखी नोंदवावी.